जाहिरात अंगावर घालणारे सर

सर गाऊन घालून ऑफिसात आले, तेव्हा मला तिथं नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता.

गाऊन म्हणजे बायका घरात घालतात तोच. जांभळा, त्यावर पिवळी फुलं, गळ्याला झालर. खालून त्यांची नेहमीची राखाडी पँट डोकावत होती. पन्नाशी ओलांडलेला, जाड मिशांचा हा माणूस सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या कॉम्प्लेक्सचा जिना चढून आला. खालच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याला त्यानं "काय ओ, बरं हाय का?" असं रोजच्यासारखं विचारलं असणार, कारण दुरुस्तीवाला हातातलं काम टाकून त्याच्या मागोमाग वर बघायला आला होता. सर खुर्चीत बसले, लॅपटॉप उघडला आणि काखेत बोट घालून खाजवायला लागले.

आमचा डिझायनर जब्बार तेवढा शांत होता. त्याची बरीच वर्षं सरांसोबत गेली होती. मान वर करून तो म्हणाला, "क्या जी सर, भाभी का पहन के आये क्या?"

"क्लायंटचा आहे," सर म्हणाले. "काखेत काचतंय. लिहून घ्या ओ, पुणेकर."

पुणेकर म्हणजे मी. माझा जन्म सोलापूरचा, शाळा-कॉलेज सोलापुरात, फक्त एमबीएची दोन वर्षं पुण्यात गेली. पण मुलाखतीत मी 'ब्रँड', 'एंगेजमेंट', 'कंटेंट स्ट्रॅटेजी' हे शब्द लागोपाठ वापरले आणि तिथंच माझं बारसं झालं. सर सगळ्यांना अहोजाहो करत. मला, जब्बारला, चहावाल्याला, आणि एकदा खिडकीत येऊन बसलेल्या कबुतरालाही मी त्यांना "चला ओ, उठा" म्हणताना ऐकलं आहे.

गाऊन बनवणाऱ्यानं जाहिरातीत 'दिवसभर आरामदायी' असं लिहायला सांगितलं होतं. सरांनी त्याला फोन लावला. "काखेतली शिवण बदला, मग लिहितो," म्हणाले. पलीकडचा माणूस आधी हसला. मग सरांनी दिवसभर गाऊन घातल्याचं सांगितलं, तेव्हा तो गप्प झाला. शिवण बदलली. दुसऱ्यांदा आलेला गाऊन सरांनी पुन्हा अंगात चढवला, हात वर-खाली केले, पंख्याकडे बघून डोळे मिटले आणि म्हणाले, "आता लिहा. आरामदायी."

आमची एजन्सी डिजिटल मार्केटिंगची. सोलापुरातले टॉवेलवाले, गाऊनवाले, चटणीवाले, शाळेचे गणवेश शिवणारे, अशा धंदेवाल्यांच्या मोबाईलवरच्या जाहिराती आम्ही करायचो. पुण्यात मला शिकवलं होतं की हे सगळं आकड्यांचं काम आहे. सरांच्या मते ते अंगाचं काम होतं. गादीवाला क्लायंट आला तर सर ऑफिसातच गादी टाकून दुपारी झोपत. मंगल कार्यालयवाला आला, तर त्याच्या हॉलमध्ये एका अनोळखी लग्नात जाऊन जेवले, हात धुवायच्या नळाला पाणी नाही हे पाहिलं आणि जाहिरातीआधी नळ दुरुस्त करून घेतला. नवऱ्या मुलीच्या मामांनी त्यांना विचारलं म्हणे, "आपण कुणाकडचे?" सरांनी खरं उत्तर दिलं, "जाहिरातीकडचा." मामांनी त्यांना आणखी एक जिलेबी वाढली.

मोबाईल येण्याआधी सरांनी अर्धं आयुष्य धुण्याची पावडर विकत गावोगाव दारं वाजवली होती. त्यांच्या सगळ्या डोक्याची बैठक तिथली. कुणी क्लायंट "आमचं व्हायरल करा" म्हणाला, की सर काही न बोलता उठत आणि खाली जाऊन चहा पिऊन येत. परत आल्यावर तो माणूस बसलेला असेल तर त्याच्याच समोर त्याच्याच दुकानाचा नंबर फिरवत. नंबर वाजत राही. कुणीच उचलत नसे. सर फोन त्याच्या कानाला लावत.

"ऐका. असंच ऐकू येतं गिऱ्हाइकाला. आधी फोन उचलणारं माणूस ठेवा, मग माझ्याकडं या."

कितीतरी लोक रागावून उठून गेले. जे परत आले ते टिकले.

जाहिरातीचा मजकूर लिहून झाला की मला खाली टपरीवर जाऊन तो मोठ्यानं वाचावा लागे. पहिल्या वेळी मला लाजेनं घाम फुटला होता. टपरीवरच्या एकानं जरी "म्हंजे काय?" असं विचारलं, तरी मजकूर रद्द. माझी पहिली सात-आठ वाक्यं त्या टपरीवरच मेली. इंटरनेटवरून उचललेला फोटो त्यांना चालत नसे. एका कडक भाकरीवाल्यानं आपल्या पेजवर कुठल्यातरी परदेशी पावाचा फोटो टाकला होता, सुंदर, वाफ निघणारा. शिवाय पैसे देऊन हजारो फॉलोअर घेतले होते. सरांनी त्यांची नावं एकेक करून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. एकही नाव भाकरीवाल्याला उच्चारता येईना.

"हे लोक समुद्र ओलांडून तुमची भाकरी घ्यायला येणार हायत का?"

"तसं नाही ओ सर, पण पेज कसं भरलेलं दिसतं…"

सरांनी त्याच्यादेखत ते पेज काढून टाकलं. तो भाकरीवाला अक्षरशः खुर्चीवरून अर्धवट उठला, त्याचा हात हवेतच राहिला. मग सरांनी त्याच्या बायकोचा, चुलीजवळ भाकरी थापताना, एक फोटो जब्बारला काढायला लावला. नवं पेज शून्यापासून सुरू झालं. पहिल्या महिन्यात मोजके लोक आले, पण ते सगळे सोलापूरचे, आणि भाकरी खाणारे.

असा माणूस. त्यांच्या हाताखाली मी दर आठवड्याला एकदा तरी हादरत असे. आणि तरी मला वाटत होतं की मी आता त्यांना ओळखते, आता पुढचं काही मला हादरवणार नाही.

गणवेशाचं काम आलं ते हिवाळ्यात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गणवेश शिवणाऱ्या एका मालकांचा कारखाना होता. दिसायला गोरे, टापटीप, बोलायला मऊ. शाळांच्या मुख्याध्यापकांपर्यंत पोचायचं होतं, म्हणजे धंद्यानं धंद्याला विकायचं. इथं रंगीत रील चालत नाही, असं सरांचं म्हणणं. इथं पत्र चालतं. त्यांनी जिल्ह्यातल्या आणि कर्नाटक सीमेपलीकडच्याही शाळांचे मेल जमवायला लावले, आणि प्रत्येक शाळेला स्वतःच्या नावानं, साध्या मराठीत एक मेल लिहिली. त्यातलं एक वाक्य मला आजही पाठ आहे: 'आपल्या भागातल्या उन्हात लेकरांना सोसेल असं हे सुती मिश्रणाचं कापड आहे.'

अर्थात, आधी त्यांनी शर्ट मागवला. निळ्या चौकड्यांचा, अर्ध्या बाह्यांचा शाळेचा शर्ट, त्यांच्या मापाचा खास शिवून घेतलेला. मार्च, एप्रिल, मे, असा भर सोलापुरी उन्हाळा तो शर्ट त्यांच्या अंगावर होता. बँकेत गेले तो घालून, भाजी आणायला गेले तो घालून. पुतण्याच्या लग्नातही तोच. त्यांच्या पत्नी त्या लग्नात त्यांच्यापासून चार हात लांब उभ्या राहून फोटो काढत होत्या, हे मी स्वतः पाहिलं. रस्त्यात शाळकरी पोरं त्यांना "सर, कुठली इयत्ता?" विचारत. ते गंभीरपणे "नापास झालोय" म्हणत.

ऑर्डरी आल्या. खूप आल्या. जूनमध्ये कितीतरी गावांतली पोरं त्या निळ्या चौकड्यांत शाळेला गेली. मालकांनी आम्हाला पेढे पाठवले.

ऑगस्टच्या शेवटी मालकांच्या पेजवर एक तारा असलेला अभिप्राय आला. दोनच वाक्यं होती. 'कापड पेटल्यावर कातडीला चिकटतं. घेऊ नका.' खाली दुधनीच्या कुणा गृहस्थाचं नाव.

मालकांचा लगेच फोन. "हा आमच्या स्पर्धकाचा माणूस आहे. तुम्ही दहा-वीस चांगले अभिप्राय टाकून द्या, तो खाली जाईल."

खोटे अभिप्राय टाकायला सांगणारा क्लायंट सर एरवी त्याच दिवशी सोडून देत. मला वाटलं, आता फोनवरच भांडण होणार. सर म्हणाले, "बघतो." फोन ठेवला आणि अभिप्रायाखाली स्वतःच्या नावानं लिहिलं, की मी या कपड्याची जाहिरात लिहिली आहे, मला भेटायचं आहे. तासाभरात उत्तर आलं: 'दुधनीला या. दाखवतो.'

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं निघालो. सरांच्या अंगात तोच शर्ट होता. अक्कलकोट मागं पडल्यावर पाट्यांवर कानडी अक्षरं दिसायला लागली. सर खिडकीतून बाहेर बघत होते. मी त्यांना म्हटलं, खोटंच निघेल बहुतेक.

ते गृहस्थ पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे, रिवाइंडिंग करायचे. रस्त्याला लागून पत्र्याचं दुकान, मागं घर. हाताला वार्निशचा वास. सरांचा शर्ट बघून ते जागीच थबकले.

"कंपनीचे काय तुमी?"

"नाही. जाहिरातीचा."

"जाहिरातीचे!" ते हसले, पण त्या हसण्यात हसू नव्हतं. "मग आता काय, बोर्ड लावायचा हाय का हितं?" आणि मग आतल्या बाजूला वळून कानडीत इकडं ये म्हणून हाक मारली, "बा इल्ली."

आतून एक मुलगी आली. सातवीतली असेल. डावा हात ओढणीत गुंडाळलेला. वडिलांनी खूण केली तशी तिनं ओढणी बाजूला केली.

मी खाली बघितलं. सरांनी बघितलं. त्यांनी नजर हलवली नाही. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत तिची कातडी लाल, ताणलेली, चकचकीत होती आणि मधे मधे गाठी धरल्या होत्या. शाळेत गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम होता. समई लावायचा मान तिला मिळाला होता. वाकताना बाही ज्योतीला लागली. आगीनं जेवढं केलं त्याहून जास्त विरघळलेल्या कपड्यानं केलं, असं डॉक्टर म्हणाले. तो सोलून काढावा लागला.

"सुती असतं तर जळून राख झाली असती, झटकली असती की ओ," वडील म्हणाले. "पाकिटावर सुती लिहिलंय. हेडमास्तरांनी मला तुमची ती मेल दाखवली मोबाईलवर, त्यात पण सुती. मी काय कापड वळखतो व्हय? मी तांब्याची तार वळखतो."

त्यांनी एका पिशवीतून उरलेला शर्ट काढला. कडेची एक चिंधी कापली, पकडीत धरली आणि लायटर पेटवला. कापड आधी पेटलं नाही, आकसलं. मग त्यातून काळा, पेटता थेंब गळून फरशीवर पडला. दुसरा पडला. फरशीवर ते लगेच कडक झाले, मण्यासारखे. घरातून मुलीची आई चहा घेऊन आली होती. तिनं तो ट्रे कुठं ठेवावा हे न कळल्यासारखा हातातच धरला होता.

सर मुलीकडं वळले. तिनंच विचारलं,

"सर, माझ्या वर्गातल्या मुली अजून तोच घालतात. त्यांना कोण सांगणार?"

एसटीत परत येताना सरांनी शर्ट काढून मांडीवर ठेवला होता आणि बनियनवर बसले होते. कंडक्टर काहीतरी म्हणणार होता, पण त्यांचा चेहरा बघून पुढं गेला. अक्कलकोट आल्यावर सर बोलले.

"मला गरम होत होतं ओ, पुणेकर."

मला कळलं नाही.

"एप्रिल-मेमध्ये. अंगाला चिकटायचा. घाम शोषायचा नाही, पाठीवरून नुसता ओघळायचा. मला कळत होतं, सुती कापड असं वागत नाही. धुण्याची पावडर विकत फिरलो मी, कापड मला कळतं. पण मी म्हटलं, सोलापूरचा उन्हाळा आहे, असणारच." त्यांनी मांडीवरच्या शर्टाची घडी नीट केली. "इतक्या शाळांनी हो म्हटलं होतं ना."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. गाऊनच्या काखेतली शिवण न सोडणारा माणूस. मुलीच्या हातानं मला हादरवलं होतं, पण हे ऐकून मला आतून काहीतरी निसटल्यासारखं झालं. मला त्यांचा राग आला. त्यांना तो दिसला असणार. त्यांनी स्वतःचा बचाव केला नाही.

एसटीतून उतरून आम्ही ऑफिसला न जाता सरळ एमआयडीसीत गेलो. सरांनी शर्ट पुन्हा अंगात घातला होता. मालकांच्या केबिनमध्ये एसी होता, भिंतीवर शाळांनी दिलेली मानचिन्हं. सर बसले नाहीत. त्यांनी शर्ट अंगातून काढला, मालकांच्या टेबलावरची कात्री घेतली, त्याच्या मागच्या घेराची चिंधी कापली आणि चहाच्या रिकाम्या बशीवर धरून काडी ओढली. थेंब बशीत पडले. केबिनभर तो वास पसरला.

मालक खुर्ची मागं सरकवून भिंतीला टेकले होते. "खिडकी उघडा," एवढंच ते म्हणाले, कुणाला म्हणाले कोण जाणे. खिडकी मी उघडली.

"हे कापड मी विणत नाही," बशीतल्या थेंबांकडं बघत ते म्हणाले. आवाज खरंच हलला होता. "मी आणतो. मला सुती मिश्रण सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं."

"मला मान्य आहे. आता शाळांना सांगा."

"सांगतो. हा सीझन जाऊ द्या. पुढचा माल बदलतो, गुपचूप, कुणाला कळणार पण नाही. आज सांगितलं तर सगळे शर्ट परत येतील. खाली बघा जरा. एवढ्या बायका मशिनीवर बसल्यात, कुंभारीहून दोन रिक्षा भरून येतात. त्यांना मी काय सांगू? घरी बसा?"

केबिनच्या काचेतून खालचा हॉल दिसत होता. रांगेनं बायका, निळ्या चौकड्यांचे ढीग. खोटं सांगत नाही, मला त्या क्षणी मालकांचं पटलं.

"आणि आज अंगावर आहेत ते?" सरांनी विचारलं.

मालकांनी काचेवरचा पडदा ओढून घेतला.

"उद्या चारला मी सगळ्या शाळांना मेल पाठवणार," सर म्हणाले. "ज्यांना पहिली पाठवली त्यांनाच. त्याआधी तुम्ही पाठवली, तर माझी रद्द. तुमच्या नावानं गेली तर तुमचाच मान राहील. मजकूर मी लिहून देतो, पैसे नकोत."

"तुम्ही माझे माणूस आहात की त्यांचे?"

"मी दोघांच्या मधला माणूस आहे ओ. धंदाच तो माझा."

दुसऱ्या दिवशी सरांनी मालकांच्या पेजचे, जाहिरातींचे सगळे पासवर्ड त्यांना परत पाठवून दिले. तिथून काहीही टाकायचं नाही, दुसऱ्याच्या घराची किल्ली अशी वापरायची नसते, असं त्यांनी जब्बारला दोनदा बजावलं. मेल स्वतःच्याच पत्त्यावरून जाणार होती. ती त्यांनी लिहिली आणि मला टपरीवर जाऊन वाचायला सांगितली.

मी वाचली. 'मी आपल्याला हे कापड सुती मिश्रणाचं आहे असं लिहिलं होतं. ते मी तपासलं नव्हतं. ते खरं नाही. हे कापड आगीत वितळतं आणि कातडीला चिकटतं. एक मुलगी भाजली आहे. कृपया शर्टाच्या शिवणीतला एक लहानसा तुकडा काढून मोठ्या माणसांनी, पाण्याची बादली जवळ ठेवून, स्वतः जाळून बघा. तोवर मुलांना दिव्याजवळ, चुलीजवळ, प्रयोगशाळेत हा शर्ट घालू देऊ नका.' खाली सरांचं नाव आणि फोन नंबर.

टपरीवर कुणीही "म्हंजे काय?" असं विचारलं नाही. चहावाला गाळणी हातात धरून उभा होता. "हे पाठवणार व्हय तुमी?" तो म्हणाला. "खरंच पाठवणार?"

वर आल्यावर मी सरांना सांगितलं की एजन्सी जाईल. हे मालक तर जातीलच, पण सगळ्या व्यापाऱ्यांत बोभाटा होईल की हा माणूस क्लायंटच्या विरुद्ध शाळांना लिहितो. कोण येईल परत? जब्बारला दोन लेकरं आहेत.

सरांनी जब्बारकडं बघितलं. जब्बार स्क्रीनकडं बघत होता.

"नक्को बोलूँ तो नहीं भेजते क्या आप?" जब्बारनं विचारलं.

सर त्याच्या खुर्चीजवळ जाऊन उभे राहिले. "भेजूँगा," म्हणाले.

"फिर पूछते कायको? भेजो."

पावणेचारला सरांनी मालकांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. सरांनी चार वाजून जाऊ दिले, पुन्हा लावला. मग मेल पाठवली.

पुढचं सगळं मी म्हटलं होतं तसंच झालं. वकिलाची नोटीस आली. टॉवेलवाले, मंगल कार्यालयवाले, चटणीवाले एकेक करून गेले. काहींनी कारण सांगितलं, काहींनी नुसतं फोन घेणं बंद केलं. सरांनी ज्याला काखेतली शिवण बदलायला लावली होती तो गाऊनवाला खाली मोबाईल दुरुस्तीला आला होता आणि जिन्यात मला बघून तोंड फिरवून गेला. भाकरीवाला तेवढा राहिला.

आणि एक दिवस कुंभारीहून एक बाई आल्या. चाळिशीच्या, हाताला शिवणयंत्राच्या तेलाचे डाग. मालकांनी निम्मी मशिनं बंद केली होती. त्या बसल्या नाहीत, पाणीही घेतलं नाही.

"तुमचं खरं झालं," त्या सरांना म्हणाल्या. "पेपरात बी आलं म्हणं. लई चांगलं झालं. आमचं काम गेलं ते कुठल्या पेपरात येतंय?"

सर उभे राहिले होते. त्यांनी हात जोडले नाहीत, समजूत घातली नाही, त्या मुलीची गोष्ट सांगितली नाही. "माझ्याकडं उत्तर नाही," म्हणाले. बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. त्यांना भांडण हवं होतं असं मला वाटतं. ते न मिळाल्यानं त्या आणखी संतापल्या आणि निघून गेल्या. त्या दिवशी सर जेवले नाहीत.

पुढं असं कळलं की मालकांनी कापड पुरवणाऱ्याला कोर्टात खेचलं, आणि आता ते येणारा प्रत्येक तागा तपासून घेतात. काही मशिनं पुन्हा सुरू झाली. त्या बाई परत कामाला लागल्या की नाही, मला माहीत नाही. दुधनीच्या मुलीच्या हातावर पुण्याला शस्त्रक्रिया झाली. खर्च कुणी केला याबद्दल सर कधी बोलले नाहीत, आणि तिच्या वडिलांनी तो एका ताऱ्याचा अभिप्राय आजतागायत काढलेला नाही. सरांनी त्यांना काढा असं म्हटलंही नाही.

सरांवरचा माझा राग हळूहळू गेला, पण पूर्ण गेला असं म्हणवत नाही. इतकी वर्षं काखेत बोट घालून खरं-खोटं करणारा माणूस एका यशस्वी उन्हाळ्यात घामाकडं दुर्लक्ष करू शकतो, ही गोष्ट मला पुण्यातल्या कुठल्याही वर्गानं शिकवली नव्हती. आज मी दुसऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. आकडे छान असतात त्या महिन्यात मला जास्त भीती वाटते.

एजन्सी बंद पडली, ऑफिस सोडायचा दिवस आला. जब्बारला एका छापखान्यात काम मिळालं होतं. तो खुर्च्या टेम्पोत चढवत होता. सर खिडकीत उभे होते, साध्या पांढऱ्या सदऱ्यात. फक्त माझा लॅपटॉप अजून टेबलावर उघडा होता, आणि त्यावर एक मेल येऊन पडली.

वेळापूरकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकांची होती. उशिरा लिहिते म्हणून माफ करा, असं त्यांनी सुरुवातीलाच लिहिलं होतं. आमच्या विज्ञानाच्या सरांनी सगळ्या पालकांसमोर मैदानात तुकडा जाळून दाखवला. पालक हबकले. सगळे शर्ट परत घेतले आहेत, पोरं सध्या घरच्या कपड्यांत येतात, फोटो जोडला आहे. फोटोत रंगीबेरंगी कपड्यांतली पोरं रांगेत उभी होती, जणू जत्रेला निघालीत. शेवटी त्यांनी लिहिलं होतं: 'एक विचारू का? तुम्हाला हे कळवायची काही गरज नव्हती. तुम्हाला कुणी विचारलंही नव्हतं. मग तुम्ही का कळवलंत?'

मी सरांना वाचून दाखवलं. ते खिडकीतून वळले नाहीत.

"उत्तर लिहा," म्हणाले.

मी बोटं कीबोर्डवर ठेवली. सर काहीतरी बोलायला लागले, अर्ध्यात थांबले, म्हणाले, "खोडा ते." पुन्हा सुरुवात केली. मुलीबद्दल दोन ओळी सांगितल्या. "तेही खोडा, तिच्या नावावर मोठं व्हायला नको." खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मग त्यांनी एकच ओळ सांगितली, सावकाश, मी चुकू नये म्हणून शब्द तोडून तोडून.

'मॅडम, कारण पहिलं पत्रही मीच लिहिलं होतं.'

"खाली नाव टाकू?" मी विचारलं.

"टाका की. पूर्ण टाका."

मी टाकलं आणि पाठवून दिलं.